पलंगाच्या पायाशी एक मिनिट

फिलोमिना सिस्टर एखाद्या पलंगाच्या पायाशी थांबल्या की आमच्या वॉर्डातल्या लक्ष्मीमावशी हातातला झाडू भिंतीला टेकवून ऑक्सिजनची ट्रॉली कुठे आहे ते बघायला जायच्या. त्यांना कुणी सांगितलेलं नसायचं. सिस्टरही काही बोललेल्या नसायच्या. त्या फक्त उभ्या राहायच्या, डाव्या मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरायच्या आणि पेशंटच्या छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायच्या. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची आमची पद्धत त्यांना अजिबात मान्य नव्हती. त्या एका मिनिटात अठरा खाटांचा वॉर्ड गप्प व्हायचा. मिनिट संपल्यावर त्या पुढच्या खाटेकडे वळल्या तर सगळ्यांना हायसं वाटायचं. वळल्या नाहीत, तर मी त्या खाटेची फाईल काढायला धावायचे.

पेशंटच्या नातेवाइकांनाही हे लवकरच कळायचं. आठवडाभर मुक्काम पडलेला पेशंट नव्याने आलेल्याच्या कानात सांगायचा, की ती जाडी सिस्टर आपल्यापाशी थांबली तर समजायचं. काय समजायचं ते कुणी उघड बोलत नसे. एकदा एका पेशंटच्या मेहुण्याने ऑफिसात लेखी तक्रारच दिली. ‘सदर सिस्टर आमच्या पेशंटसमोर उभ्या राहून अशुभ नजरेने बघतात, तरी त्यांना खाटेजवळ येण्यास मनाई करावी.’ मॅनेजरने सिस्टरना बोलावून तो कागद वाचून दाखवला. सिस्टरनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “त्यांना सांगा, नजर माझ्या आधीच लागलेली असते. मी नुसती मोजायला जाते.” दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच पेशंटला आयसीयूत हलवावं लागलं. मेहुण्याने तक्रार मागे घेतली नाही. त्याला तर आयता पुरावाच मिळाला होता.

आमचं हॉस्पिटल बोरिवलीत, तीन मजली, खाली मेडिकलचं आणि झेरॉक्सचं दुकान. मी दहिसरच्या चाळीतून तिथे नोकरीला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. नर्सिंगच्या परीक्षेत मला चांगले मार्क होते आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता. सिस्टर गोराई खाडीपलीकडच्या गावातल्या. घरची वाडी, भावांची होडी, आणि ह्या एकट्याच रोज बोट पकडून, मग बस पकडून ड्युटीवर यायच्या. ठेंगणा, रुंद बांधा, जाळीत घट्ट बसवलेला अंबाडा, आणि रबरी तळव्याच्या चपला. चालताना आवाज म्हणून नाही. आम्ही दोघी-तिघी गप्पा मारत असायचो आणि मागून एकदम त्यांचा आवाज यायचा, “काय झाला, गो?” काही झालेलं नसलं तरी आम्ही आपापल्या खाटांकडे पळायचो.

डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. दहा मिनिटांत जेवण उरकायच्या. चहा मात्र त्या ड्युटीवर कधीच घेत नसत. नातेवाईक किती प्रेमाने ग्लास पुढे करायचे! त्या हात मागे बांधून “नको” म्हणायच्या, आणि तेही असं, की देणारा खजील होऊन परत जायचा. आम्हाला तो माज वाटायचा. मी तर त्यांची नक्कल करून दाखवायचे.

नव्या मुलीला त्या पहिले पंधरा दिवस डॉक्टरांना फोन लावू देत नसत. आधी चादरीच्या खोलीत फोन लावायचा. ही आमच्या वॉर्डाची रीतच होती. काउंटरवरून इंटरकॉमवर चादरीच्या खोलीचा नंबर फिरवायचा आणि आत दार लावून बसलेल्या सिस्टर डॉक्टर व्हायच्या. कधी रविवारी दुपारी जेवून आडवा झालेला डॉक्टर, कधी अंधेरीच्या सिग्नलला अडकून वैतागलेला, कधी मुलीच्या वाढदिवसाला केक कापत असलेला. सगळे पुरुषी आवाज त्या इतके हुबेहूब काढायच्या की आम्ही काउंटरवर तोंडावर हात धरून हसायचो. टोस्ट खात बोलणाऱ्या डॉक्टरसाठी तर त्या खरोखरच टोस्ट घेऊन बसायच्या.

माझा पहिला फोन मला शब्दन् शब्द आठवतो. “गुड आफ्टरनून सर, सॉरी सर, तुम्हाला डिस्टर्ब करते. सर, ते आपले सात नंबरचे काका आहेत ना सर, जे मंगळवारी ॲडमिट झाले, त्यांना आधी ताप होता, मग...”

फोन कट.

मी पुन्हा लावला. पुन्हा सॉरीपासून सुरुवात. पुन्हा कट. तिसऱ्यांदा त्या दार उघडून बाहेर आल्या. ओठाला टोस्टचा चुरा लागलेला, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं.

“परब, तू देवळात आलीयस काय? घंटा वाजवून, पाया पडून, मग मागणं मागणार? डॉक्टरच्या कानाला पहिलीच गोष्ट लागली पाहिजे ती आत्ता काय बिघडलंय ती. मंगळवारचं नंतर. सॉरी कधीच नाय.”

“पण सर चिडले तर?”

“चिडू दे. चिडलेला डॉक्टर जागा असतो.”

मग त्यांनी मला सात नंबरच्या खाटेपाशी नेऊन उभं केलं. पेशंटला डोळ्यांनी बघून यायचं, आकडे स्वतः मोजून घ्यायचे, फाईल हातात उघडी ठेवायची, आणि मगच फोनला हात लावायचा. ‘एक मिनिट हां सर, बघून सांगते’ असं म्हटलं की मेलं. त्या एका मिनिटात डॉक्टरचं लक्ष उडतं आणि तुझ्यावरचा विश्वासही. मी कोण, कुठून बोलते, कुठला पेशंट, आत्ता काय झालंय, कशासाठी ॲडमिट आहे, आकडे काय, मला काय वाटतं. आणि शेवटी, जे बोलायला नव्या मुलीची जीभ उचलत नाही, ते: मला तुमच्याकडून काय हवंय. येताय का, आणि किती वेळात. त्यांनी सांगितलेलं औषध जसंच्या तसं उलट म्हणून दाखवायचं. मगच फोन ठेवायचा.

“मला काय वाटतं ते कशाला सांगायचं?” मी विचारलं. “डॉक्टर ते आहेत.”

“डॉक्टर तो आहे. पण डोळे तिथे तुझे आहेत. समजला काय?”

तेव्हा मला समजलं नव्हतं. मान मात्र मी जोरात हलवली.

नोकरीला तीन महिने झाले असतील. रविवार, दुपारची ड्युटी. अकरा नंबरवर एक रिक्षावाला होता, दहिसरचाच. फुटलेल्या अपेंडिक्सचं ऑपरेशन शुक्रवारी झालेलं. ऑपरेशन करणारे डॉक्टर कारखानीस. हात सोन्याचा, जीभ तिखट, आणि रविवारी दुपारी फोन केला की विशेष तिखट. आमचा हॉस्पिटलातला ड्युटी डॉक्टर एकच, तो खाली अपघाताच्या केसमध्ये अडकलेला. सिस्टर वरच्या मजल्यावर गेलेल्या.

रिक्षावाला म्हणत होता, “मी एकदम ठीक आहे सिस्टर, घरी सोडा.” पण त्याचा रंग राखेसारखा झाला होता. कपाळावर गार घाम. त्याची बायको पुन्हा पुन्हा विचारत होती, “ह्यांना असं का होतंय?” मला भीती वाटली. कशाची ते नीट सांगता आलं नसतं. मी फोन लावला, आणि चादरीच्या खोलीतलं सगळं शिक्षण क्षणात धुऊन निघालं.

“सॉरी सर. सर, अकरा नंबरचे रिलेटिव्ह खूप घाबरलेत. विचारत होते, सर येतील का?”

आमच्या धंद्यातली ही जुनी पळवाट. मला भीती वाटते म्हणायची हिंमत नसते, मग भीती नातेवाइकांच्या नावावर टाकायची.

“रिलेटिव्ह घाबरतातच,” डॉक्टर म्हणाले. “त्यांना बाहेर बसवा. मी संध्याकाळी राउंडला बघतो.”

मी फाईलमध्ये सुंदर अक्षरात लिहिलं, ‘डॉक्टरांना कळवले’, पुढे वेळ टाकली, सही केली. मग बायकोला म्हटलं, “ताई, तुम्ही जरा बाहेर बसा.” ती गेली. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं.

पाचेक मिनिटांनी सिस्टर खाली आल्या. दारातूनच त्यांची नजर अकरा नंबरवर गेली आणि त्या चालत येऊन पलंगाच्या पायाशी थांबल्या. घड्याळ वर आलं. लक्ष्मीमावशींचा झाडू भिंतीला टेकला. ते मिनिट मला अजून आठवतं. रिक्षावाला त्यांच्याकडे बघून ओशाळं हसत होता आणि त्याची छाती भराभर खालीवर होत होती. मिनिट संपलं. सिस्टर हलल्या नाहीत. त्यांनी त्याच्या पोटावर अलगद हात ठेवला, मग फाईल उघडली आणि माझं सुंदर अक्षर वाचलं.

मला वाटलं आता ओरडणार. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बायको कुठंय त्याची?”

“बाहेर पाठवली. सर म्हणाले...”

“आधी तिला आत आण.”

आधी बायको का, हे मला कळेना. मी धावत जाऊन तिला आणलं. सिस्टरनी तिला खाटेच्या उशाशी उभं केलं, नवऱ्याचा हात तिच्या हातात दिला, आणि मग माझ्याकडे वळल्या.

“आता मोज आणि फोन लाव. मी बोलणार नाय. तूच बोल.”

मी मोजलं. फोन लावला. सिस्टर शेजारी हात मागे बांधून उभ्या.

“सर, दुसऱ्या मजल्यावरून स्टाफ नर्स परब. अकरा नंबर आत्ता बिघडलाय. अपेंडिक्सचं ऑपरेशन, दुसरा दिवस. नाडी एकशे अठ्ठावीस, बीपी नव्वद-साठ, श्वास बत्तीस, पोट कडक झालंय, गार घाम आहे. आतमध्ये काहीतरी फुटलंय असं मला वाटतं. तुम्ही आत्ता यायला हवं.”

“दहा मिनिटांपूर्वी हे का नाही सांगितलं?” ते कडाडले.

“तेव्हा मी मोजलं नव्हतं, सर. तुम्ही किती वेळात येताय?”

“वीस मिनिटं. ओटी तयार ठेवा.” आणि सलाइन, इंजेक्शन, रक्त मागवायचं. मी सगळं उलट म्हणून दाखवलं. फोन ठेवला तेव्हा माझ्या पाठीला घामाची धार लागली होती.

तो रिक्षावाला वाचला. दहिसर चेकनाक्याजवळ अजून कधीतरी दिसतो. मला ओळखत नाही, आणि ते बरंच आहे.

त्याच आठवड्यात चादरीच्या खोलीत घड्या घालताना सिस्टर अचानक बोलायला लागल्या. माझ्याकडे न बघता, चादरीशीच बोलल्यासारख्या.

त्या माझ्याएवढ्या असतानाची गोष्ट. दुसऱ्या एका हॉस्पिटलात, अशीच रविवारची दुपार. बाळंत होऊन दोन दिवस झालेली मुलगी. एकाएकी अस्वस्थ झाली, श्वास लागला. फिलोमिनाने डॉक्टरांना फोन लावला आणि म्हणाली, नवरा फार घाबरलाय. डॉक्टर म्हणाले, नवऱ्याला बाहेर काढ, मी पाचला येतो. तिने फाईलमध्ये लिहिलं, डॉक्टरांना कळवले. नवऱ्याला सांगितलं, जा, कोपऱ्यावर चहा पिऊन ये.

“गेला बिचारा. तो परत येईस्तोवर ती गेली होती. आणि तो काय घेऊन आला माहीत आहे? माझ्यासाठी चहा. म्हणाला, सिस्टर, तुम्ही सकाळपासून उभ्या आहात.”

त्यांनी चादरीचा कोपरा कोपऱ्याला जुळवला. “चौकशी झाली. मला कुणी काय बोलला नाय. फाईल चोख होती ना. बायको मेली आणि मी सुटले.”

आदल्या आठवड्यापर्यंत ज्यांची मी चहा नाकारताना नक्कल करत होते, त्यांच्यासमोर मला मान वर करता येईना. मला स्वतःची लाज वाटली. नुसती लाज नव्हे. भीतीही वाटली, की हे आता माझ्याही वाट्याला कधीतरी येणार, नोकरी आहे तोवर रोज येऊ शकणार.

पुढे डॉक्टरांचे व्हॉट्सॲप ग्रुप निघाले. चार्टचा फोटो टाकायचा, निळ्या खुणा उमटल्या की काम झालं. नव्या मुली खूश. सिस्टरना त्या निळ्या खुणांची अक्षरशः शिसारी होती. “बघितला म्हणजे आला काय?” हे त्यांचं पालुपद. फोटो टाकलास तर टाक, पण मागून फोन लाव आणि माणसाचा आवाज ऐक. आम्ही मागून चेष्टा करायचो, की सिस्टर कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधायच्या तेव्हाही मागून फोन लावत असतील. पण फोन लावायचो. मी त्या वॉर्डाची इन्चार्ज झाले तोवर कारखानीस डॉक्टरांनाही सवय झाली होती. नंबर दिसला की “बोला, काय बिघडलंय?” असंच विचारायचे.

सिस्टर रिटायर झाल्या तो दिवसही रविवारच निघाला. सकाळची ड्युटी, दोन वाजता सुटका. दीड वाजता काउंटरपाशी केक कापला, लक्ष्मीमावशींनी गजरा आणला, आम्ही वर्गणीतून शाल दिली. एरवी पांढऱ्या गणवेशात बघितलेली बाई त्या दिवशी मरून रंगाच्या साडीत होती आणि अगदी कुणाच्या तरी लग्नाला निघालेली मावशी वाटत होती. भाषण करा म्हटल्यावर “मला बोट आहे” एवढंच बोलल्या. मग हातात गुच्छ घेऊन शेवटचा फेरा मारायला निघाल्या. एकेका पेशंटला “येते हां” म्हणत.

चार नंबरपाशी त्या थांबल्या.

पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस झालेली पन्नाशीची बाई. सोमवारी घरी जाणार होती. नवरा स्टुलावर बसून मोसंबं सोलत होता. सिस्टरनी गुच्छ डाव्या काखेत दाबला आणि घड्याळ वर केलं. कुणीतरी मोबाईलवर गाणं लावलं होतं, ते बंद झालं. केकची बशी हातात धरून मी उभी होते आणि मनात म्हणत होते, आज नको. सिस्टर, आज पुढे चला.

मिनिट संपलं. त्या हलल्या नाहीत.

“ही कुणाची पेशंट?”

“माझी,” मनाली पुढे आली. महिनाभरापूर्वी लागलेली, चुणचुणीत पोरगी. “मघाशी थोडा दम लागतोय म्हणाली. मी सरांना मेसेज टाकलाय. बघितलाय त्यांनी.”

सिस्टरनी पांघरूण सारून बाईच्या पोटऱ्या बघितल्या. डावी उजवीपेक्षा सुजलेली होती. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. ती नजर मी ओळखत होते.

“फोन लाव,” त्या मनालीला म्हणाल्या.

मी ऑक्सिजन लावला, खालच्या ड्युटी डॉक्टरला वर बोलावलं. मनालीने आकडे घेतले आणि फोन लावला. पहिल्यांदा कट झाला. तिने सिस्टरकडे रडवेल्या डोळ्यांनी बघितलं. सिस्टरचा हात काउंटरवरच्या फोनकडे आपसूक गेला. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. दोन वाजून गेले होते, त्या आता कुणीच नव्हत्या. हात परत आला, पाठीमागे गेला. मनालीने पुन्हा नंबर लावला.

“सर, स्टाफ नर्स मनाली. चार नंबर आत्ता बिघडलीय. पित्ताशयाचं ऑपरेशन, तिसरा दिवस. श्वास छत्तीस, नाडी एकशे चाळीस, ऑक्सिजन पंच्याऐंशी. डावा पाय सुजलाय. पायातली रक्ताची गुठळी छातीत गेली असेल असं मला वाटतं. मला भीती वाटतेय, सर. तुम्ही किती वेळात येताय?”

काउंटरच्या पलीकडे, गुच्छ काखेत धरून उभ्या असलेल्या सिस्टरचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. “पंधरा मिनिटं,” मनाली म्हणाली, आणि सांगितलेलं औषध तिने उलट म्हणून दाखवलं. तेव्हा कुठे सिस्टरनी शाल पिशवीत कोंबली.

मी जिन्यापर्यंत त्यांना सोडायला गेले नाही, मला चार नंबरपासून हलता येत नव्हतं. पण आयसीयूसाठी स्ट्रेचर बोलवायला दाराशी आले तेव्हा त्या दिसल्या. जिन्याच्या वळणावर भिंतीला चिकटून उभ्या होत्या, कारण खालून कारखानीस डॉक्टर दोन-दोन पायऱ्या चढत येत होते. त्यांना वाट देऊन झाल्यावर सिस्टरनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. किती मिनिटं लागली ते मोजलं असणार. मग त्या खाली उतरल्या. मरून पदर वळणाआड गेला. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.

पावणेपाचला वॉर्डातला फोन वाजला.

“फिलोमिना घोन्साल्विस, जेट्टीवरून बोलते. चार नंबर. काय झाला?”

मागे समुद्राचा वारा ऐकू येत होता. तीन बोटी त्यांनी सोडल्या होत्या, हे त्यांनीच नंतर कधीतरी फोनवर सांगितलं. मला सॉरी म्हणायचं होतं. डॉक्टर सोळाव्या मिनिटाला आले, सगळं केलं, कुणी कशात कमी पडलं नाही, मनाली केवढी छान बोलली, हे सगळं आधी सांगायचं होतं. पण त्यांनी मला तसं शिकवलं नव्हतं.

“गेली, सिस्टर. चार वाजून दहा मिनिटांनी.”

मी फोन धरून थांबले.

“नवरा कुठे होता तिचा?”

“आयसीयूत. डॉक्टर बाहेर काढत होते, मी नाही जाऊ दिलं. शेवटपर्यंत तिचा हात त्याच्या हातात होता.”

पलीकडे त्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला. मग नेहमीसारखं, माझंच वाक्य त्यांनी मला सावकाश उलट म्हणून दाखवलं, “चार दहाला गेली. नवरा जवळ होता.”

“हो, सिस्टर.”

“मनालीला जेवायला लाव. सकाळपासून उभी आहे ती,” त्या म्हणाल्या. “ठेवते आता. बोट लागली.”